धाकटा, मधला, थोरला

बेलखारच्या बांधावर एक सागाचा वासा रोवलेला आहे. त्यावर निळ्या ऑइलपेंटने ओढलेल्या तीन रेघा आहेत, एकीच्या वर एक, वीतभर अंतराने. म्हात्रेसाहेब गेले त्याला या होळीला एक वर्ष झालं. त्या निमित्ताने मी तिथे गेले, तेव्हा भरती चढत होती. खालची रेघ पाण्यात गेली होती, मधलीला पाणी चाटत होतं आणि वरची कोरडी होती. पाणी उलटं फिरेपर्यंत मी थांबले. लांबून कुणी पाहिलं असेल तर त्याला वाटलं असेल की ही बाई कुणाची तरी वाट बघते आहे. ते अगदीच खोटं होतं असंही नाही.

महादेव म्हात्रे हे त्यांचं नाव. समुद्राच्या तळाखाली, दगडात, तेल आणि वायू किती आहे याचा अंदाज बांधणं हे त्यांचं काम. आमच्या कंपनीत त्यांनी हे काम जवळजवळ तीस वर्षं केलं आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, अर्ध्या बाहीचा पांढरा सदरा. खिशात कायम एक शिसपेन्सिल. पेन त्यांनी कधी बाळगलं नाही. शाईने लिहिलेलं आपल्यालाच खरं वाटायला लागतं, असं ते म्हणत. टेबलाशी बसले की बूट काढून ठेवायचे. त्यांचे तळवे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा दचकले होते. पांढरट, भेगाळलेले, वाळलेल्या चिखलासारखे. ते आगरी, मिठागरावरचे. लहानपणी अनवाणी पायांनी खाऱ्या चिखलात जे काम केलं, ते पायांनी जन्मभर धरून ठेवलं होतं.

मी रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला कुलकर्णीबाई म्हटलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि टेबलावरचा एक दगड पुढे सरकवला. फिकट राखाडी, लोट्याएवढा, चुनखडीचा. समुद्राखाली दोन किलोमीटरवरून विहीर खणताना वर आलेला. मग त्यांनी आपल्या कपातल्या चहात बोट बुडवलं आणि एक थेंब त्या दगडावर सोडला. थेंब क्षणभर थांबला आणि नाहीसा झाला.

"दगड पितो," ते म्हणाले. "आता सांगा, अख्खा दगड किती चहा पिईल?"

मी बराच विचार करून एक आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. बरोबर की चूक ते सांगितलं नाही. म्हणाले, एक आकडा देवाला ठाऊक असतो. आपल्याकडे तीन असतात.

पुढे कळलं की ती त्यांची सगळी विद्या होती. लोकांना वाटतं समुद्राखाली तेलाचं तळं असतं आणि त्यात नळी घातली की झालं. तसं नसतं. दगड असतो आणि दगडाला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. तो दगड केवढा पसरला आहे, त्यात भोकं किती, भोकांत वायू किती आणि पाणी किती, आणि आहे त्यातलं वर किती येईल, हे सगळं चार-दोन विहिरींवरून आणि आवाजाच्या लाटांच्या नकाशांवरून ठरवायचं. प्रत्येक गोष्ट अंदाजाची, आणि शेवटी त्या अंदाजांचा गुणाकार. चार आंधळ्यांनी एकमेकांचा हात धरून हमरस्ता ओलांडावा तसं आपलं काम, असं साहेब म्हणायचे. म्हणून आकडे तीन द्यायचे. एक किमान, ज्याच्याही खाली जायची शक्यता दहात एक. एक मधला. आणि एक कमाल, जो गाठण्याची शक्यता पुन्हा दहात एक. या तिन्हींना जगभर इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. साहेबांनी त्यांची नावं ठेवली होती धाकटा, मधला आणि थोरला. आमच्या मजल्यावर ती इतकी रुळली की नवी मुलं अहवालांच्या मसुद्यांतही चुकून तसंच लिहीत.

"धाकट्याच्या भरवशावर घर बांधावं, मधल्यावर बोलणी करावी, थोरल्याला स्वप्नात बघावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ही सवय घरीदारीही सुटली नव्हती. गाडी किती वाजता येईल, लग्नाला माणसं किती येतील, पापलेट किती दिवस टिकेल, काहीही विचारा, आधी उजव्या हाताची तीन बोटं वर व्हायची. त्यांच्या पनवेलच्या घरी सुलभावहिनी मला हसत सांगायच्या की लग्नाला तीस वर्षं झाली, पण हा माणूस जेवायला अमुक वाजता येतो असं एकदाही म्हणाला नाही. साडेसात, सव्वाआठ, नाहीतर साडेनऊ म्हणतो. मग तुम्ही काय करता, मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, मी साडेसातला भूक मारते आणि साडेनऊला भांडते. साहेब समोर बसून काटे काढून मासा खात होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, आणि सव्वाआठला? सव्वाआठला तुम्ही येता, वहिनी म्हणाल्या, पण ते आधी कुठं ठाऊक असतं?

साहेबांना हे उत्तर इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सगळ्या खात्याला ऐकवलं.

वरिष्ठांना मात्र ही बोटं आवडत नसत. एका बैठकीत आमचे संचालक चिडून म्हणाले, म्हात्रे, मला कुंडली नको, आकडा हवा. साहेब शांतपणे म्हणाले की कुंडलीत तरी एकच भविष्य असतं, आपलं त्याहून कठीण आहे. आणि त्यांनी फळ्यावर तिन्ही आकडे पुन्हा लिहिले, खडूने, नीट ओळीत. मी त्यांना एकच आकडा देताना कधी पाहिलं नाही. म्हणजे एकदा पाहिलं. लिहायचं आहे ते त्याबद्दलच, आणि इतका वेळ मी ते पुढे ढकलते आहे.

बेलखार हे साहेबांचं गाव. पेणच्या खाली, धरमतरच्या खाडीला लागून. गावाच्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि दोन्हींना खाडीपासून राखणारा मातीचा लांब बांध. बांधाला कुठे भगदाड पडलं की तिथले लोक खांड गेली म्हणतात. खांड गेली की ज्याच्या त्याच्या घरातून एक माणूस घमेलं घेऊन आलाच पाहिजे, असा गावाचा जुना शिरस्ता. मिठागर बांधाच्या अगदी पोटाशी, त्यामुळे पहिली हाक मीठवाल्यांची असायची. साहेबांचे वडील त्यातलेच. त्यांचा एक नियम साहेब वारंवार सांगत. मिठाची रास पडली, तरी ती गवताने शाकारून होईपर्यंत तिचा आकडा तोंडाने बोलायचा नाही. बोललं की मीठ पाझरतं. व्यापारी बांधावर येऊन किती निघेल म्हणून विचारायचा आणि वडील आभाळाकडे बघत उभे राहायचे. साहेब म्हणत, मला तीन आकड्यांचं शास्त्र विलायतेहून आलेल्या पुस्तकांनी शिकवलं, पण ते पटलं मात्र बांधावरच्या त्या गप्प बसण्यामुळे.

पुढे रायगडच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आमच्या कंपनीला वायूचं एक लहान क्षेत्र सापडलं. अंदाज साहेबांनी आणि मी केला होता. वायू किनाऱ्यावर आणून स्वच्छ करायला एक केंद्र उभारायचं होतं आणि त्यासाठी जी जागा ठरली, ती बेलखारची मिठागरं. मोबदला मिळणार होता, गावातल्या तरुणांना नोकऱ्या मिळणार होत्या. गाव अडून बसलं होतं. कंपनीने साहेबांना सांगितलं की तुम्हीच जाऊन समजावा, तुमचीच माणसं आहेत. मी प्रोजेक्टर घेऊन बरोबर गेले.

सभा देवळासमोरच्या मांडवात भरली. तोपर्यंत साहेबांचे वडील वारले होते. घरातले वडीलधारे म्हणजे त्यांचे चुलते, दामाकाका. सत्तरीचे, काठीसारखे ताठ. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघायचं. साहेबांनी नकाशे दाखवले, दगडाची गोष्ट सांगितली, तो दगडही आणला होता. दामाकाकांनी दगड हातात घेतला, वजन केल्यासारखा खालीवर केला आणि बाजूला ठेवला.

"म्हादू, ह्यो परदा बंद कर," ते म्हणाले. "आमाना त्यातला काय कलत नाय. तू सांग. गॅस किती वर्सा पुरंल?"

साहेबांची तीन बोटं वर गेली. "काका, आकडे तीन हायेत," त्यांनी सुरुवात केली.

मागून कुणीतरी हसून म्हणालं, "साहेब झाला म्हादू. आता तीन तीन बोलतंय."

दामाकाका हसले नाहीत. "तीन तोंडा सायबाची आसतान," ते म्हणाले. "घरच्या मानसाला एकच तोंड. तू घरचा. एक काय तां बोल."

मी साहेबांच्या हाताकडे बघत होते. एक एक करून बोटं मिटली.

"वीस," साहेब म्हणाले. "वीस वर्सा."

"बस," दामाकाका म्हणाले. "म्हादू बोलला वीस, मंजे वीस." आणि ते उठले. त्यांच्या मागून गाव उठलं.

परतीच्या वाटेवर वडखळच्या नाक्यापर्यंत साहेब मांडीवरचा दगड फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, धाकटा किती होता, आठवतं ना? मी म्हटलं, सात, आणि वीस हा मधला. त्यांनी मान हलवली. काचेबाहेर बघत म्हणाले, "तीन तोंडं म्हणाले. ते लागलं मला, बाई. रास अजून उघडी होती आणि मी आकडा बोललो."

मिठागरं गेली. केंद्र उभं राहिलं. त्याची उंच चिमणी आणि तिच्या टोकाची ज्योत पेणहून येतानाच दिसायची. गावातली पंधरा-वीस मुलं कामाला लागली, घरांवर स्लॅब पडले. म्हाताऱ्या बायका ज्योतीच्या उजेडात अंगणात बसून बोलायच्या. साहेबांकडे पेढे यायचे, ते आम्हाला वाटायचे, स्वतः खायचे नाहीत.

पाचव्या वर्षी एका सकाळी समुद्रातल्या विहिरींचा रोजचा अहवाल आला. वायूबरोबर पाणी येऊ लागलं होतं. वायूच्या खाली पाणी असतंच. वायू काढत गेलं की ते हळूहळू वर चढतं, हे कुणीही सांगेल. पण इतक्या लवकर चढायला नको होतं. कुठेतरी दगडात आम्हाला न दिसलेली फट होती. साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. मग पाण्याच्या ग्लासात बोट बुडवून त्या दगडावर एक थेंब सोडला आणि तो नाहीसा होताना बघत बसले.

मी म्हटलं, साहेब, धाकट्याच्याही खाली जायची शक्यता दहात एक होतीच. आपण लिहिलं होतं.

"दहातला एक कुणाच्या तरी दारात जातोच," ते म्हणाले. "आपण दार कुठलं ते लिहीत नाही."

सहाव्या वर्षी केंद्र बंद झालं. ज्योत विझली. तेव्हाच साहेब निवृत्त झाले. पनवेलचं घर मुलीला देऊन ते वहिनींसकट बेलखारला राहायला गेले. मी खूप समजावलं. वहिनी म्हणाल्या, त्यांना तिथंच राहायचंय, विचारू नकोस.

मी दोन-तीन महिन्यांनी जायची. घराची पश्चिमेची खिडकी कायम बंद असे, कारण तिच्यातून थंड पडलेली चिमणी दिसायची. वारा सुटला की ती चिमणी एका सुरात वाजायची, आणि ते मात्र खिडकी लावून थांबत नसे. साहेब बोलता बोलता थबकायचे, सूर संपेपर्यंत.

तोवर बांधही खचू लागला होता. मीठवाले उरले नव्हते, म्हणून पहिली हाक देणारं कुणी नव्हतं. तरुण मुलं कामासाठी जेएनपीटी बंदराकडे, कळंबोलीकडे पांगली होती. पहिली खांड गेली तेव्हा चार म्हातारे घमेली घेऊन आले आणि बघून परत गेले. खारं पाणी भातात शिरलं. साहेबांनी तो सागाचा वासा तेव्हा रोवला. बारा महिन्यांच्या भरत्यांचं मोजमाप घेऊन त्यांनी त्यावर तीन रेघा ओढल्या, येत्या वर्षाचं उधाण कुठवर येईल त्याच्या. रोज सकाळी जाऊन बघायचे. पेन्सिलीने वहीत लिहायचे.

गावातलं कुणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही. मला आधी ते गावाचं मोठेपण वाटलं. पण त्यांच्याकडे जाता-येता मला हळूहळू वेगळंच काही दिसायला लागलं. त्या गावात म्हात्रेसाहेबांना कुणी आकडा विचारत नसे. किती, केव्हा, कुठवर असं काहीच विचारत नसे. दुकानदार त्यांच्यासमोर दुसऱ्याला किती वाजले म्हणून विचारायचा. भरतीची वेळ शेजारी मोबाइलवर बघायचे, आणि तिथे बांधावर वही घेऊन हा माणूस उभा असायचा. दामाकाका रोज संध्याकाळी येत, ओटीवर बसत, पान लावत. हवापाण्याचं बोलत. पण पाऊस कधी येईल, एवढंही त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं त्यात राग नव्हता. जिथे दुखतं तिथे हात लावायचा नाही, तसं ते असावं. साहेबांना मात्र ते रोज दुखायचं.

एकदा वहिनी स्वयंपाकघरातून मला हळूच म्हणाल्या, "मी मुद्दाम विचारते जेवायला कधी याल म्हणून. ते म्हणतात, येतो. नुसतं येतो."

तीन बोटं मी पुढे चार वर्षं पाहिली नाहीत.

त्यानंतरचा एक दिवाळीच्या आधीचा दिवस. अमावास्येचं उधाण होतं आणि आदल्या दिवशी बांधाला मोठी खांड पडली होती, देवळाच्या बरोबर समोर. दुपारी बाराच्या सुमाराला भरती पुरी होणार होती. आता पाणी आत आलं की देवळापर्यंत येणार, हे सगळ्यांना कळत होतं. मी फराळ घेऊन गेले होते, पण घरी कुणी नव्हतं. सगळं गाव बांधावर होतं. सणाला आलेली मुलं पँटी दुमडून चिखलात उतरली होती. बायका ओळीने घमेली पुढे सारत होत्या. साहेब आपल्या वाशापाशी, जरा बाजूला. पायांत काही नाही. त्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं.

साडेनऊपर्यंत खाडीचं पाणी बरंच चढलं. काम निम्मंही झालं नव्हतं. माती टाकत राहायची, की ती सोडून देवळाच्या अलीकडे पोती लावायची, यावर पोरांची वादावादी चालली. ऐंशीच्या घरातले दामाकाका काठी टेकत बांधावरून चालत आले. साहेबांच्या समोर उभे राहिले. जरा वेळ ते पाण्याकडे बघत होते.

"म्हादू," ते म्हणाले. "खांडीपावत पानी यायला किती वेल हाय?"

घमेली थांबली. मला चिमणीचा सूर ऐकू आला, त्या दिवशी वारा होता.

साहेबांनी वही उघडली नाही. त्यांचा उजवा हात वर आला, आणि तीन बोटं.

"धाकटा पाऊण तास," ते म्हणाले. "मधला सव्वा. थोरला पावणेदोन."

"मी कुठला धरू?"

"धाकटा, काका. धाकटाच धरा."

दामाकाका वळले आणि त्या वयात न शोभणाऱ्या आवाजात ओरडले, "पाऊन तास हाय. माती टाका."

पाऊण तासात खांड बुजली नाही. तासाभरात बुजली. पाणी आलं ते एक तास दहा मिनिटांनी. बांधाला लागलं, चढलं, आणि तिथेच थांबलं. चिखलाने माखलेला एक जण साहेबांकडे बघून म्हणाला की म्हादूदादा, तुमचा धाकटा लय घाई करतो. लोक हसले. साहेबही हसले, पण हसता हसता त्यांनी वाशाला हात टेकला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मी पाण्याची बाटली घेऊन जवळ गेले.

"बाई," ते हळू म्हणाले, "त्या मांडवातही त्यांनी विचारलं असतं, कुठला धरू म्हणून."

मी बाटली उघडून पुढे केली.

"मी तिन्ही सांगितले असते, तर विचारलं असतं," ते म्हणाले.

ती खांड त्या वर्षी टिकली. साहेब होळीच्या आधी गेले, झोपेत, काही न सांगता. नंतरच्या पावसाळ्यात बांध दुसऱ्या जागी फुटला आणि आता तिथे भाताऐवजी खाऱ्या चिखलातली तिवराची झाडं उगवताहेत. दगड वहिनींनी मला दिला. माझ्या टेबलावर आहे. कधी कधी मी त्यावर पाण्याचा थेंब सोडते. अजून पितो.

पण मला साहेब दिसतात ते त्या दुपारचे. मी निघाले तेव्हा भरती पुरी झाली होती आणि लोक घरी गेले होते. गाडीपाशी पोचून मी मागे वळून पाहिलं. बांधावर ते एकटेच होते, वाशाशेजारी, मला पाठमोरे, खाडीकडे तोंड करून. आता विचारणारं तिथे कुणी नव्हतं. तरी त्यांचा उजवा हात वर होता आणि तीन बोटं पाण्यासमोर धरलेली होती. ती खाली येण्याची मी वाट पाहिली. मी तिथे होते तोवर ती आली नाहीत.